स्तनांचं दुखणं: पाळीचं, बाळंतपणाचं, बरगडीचं आणि बाकीचं

निशिगंध

स्तनात दुखतंय म्हणून तपासायला आलेल्या बाईला मी आधी दोनच गोष्टी विचारते. पाळीच्या आधी वाढतं का? आणि दुखतं ती जागा एका बोटाने दाखवता येते का? एवढ्यावरच पुष्कळसा उलगडा होतो. मी सर्जन आहे, स्तनांचे आजार रोज बघते. हा धागा काढते आहे, कारण या दुखण्यापायी बायका रात्र रात्र जागतात, घरात कुणाला सांगत नाहीत, आणि नेटवर वाचून आणखी घाबरतात. त्याच वेळी जी गाठ लगेच दाखवायला हवी होती ती दुखत नाही म्हणून वर्षभर तशीच राहते. मला दोन्हींची तितकीच काळजी वाटते.

आधी मनातला प्रश्न. दहातल्या जवळपास सात बायकांना आयुष्यात कधी ना कधी स्तनात दुखतं. ज्यांना नुसतं दुखतंय, पण हाताला गाठ नाही, बोंडातून स्राव नाही, त्वचा नीट आहे, अशा बायकांची पूर्ण तपासणी केली तर शंभरात एक ते तीन जणींना कर्करोग निघतो, काही अभ्यासांत त्याहूनही कमी. म्हणजे तपासून घ्यायचं, पण जीव मुठीत धरून नाही.

सगळ्यांत जास्त आढळतं ते पाळीशी बांधलेलं दुखणं. तिघींपैकी साधारण दोघींचं हेच असतं. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर, म्हणजे पाळीच्या आठ-दहा दिवस आधीपासून, दोन्ही स्तन जड होतात, भरून आल्यासारखे वाटतात. वरच्या बाहेरच्या भागात ठणका लागतो आणि तो काखेपर्यंत, कधी दंडापर्यंत जातो. कूस बदलली तरी दुखतं, लेकराने मिठी मारली तरी नको होतं. पाळी सुरू झाली की एक-दोन दिवसांत ओसरतं. महिन्याच्या त्या काळात इस्ट्रोजेनमुळे दुधाच्या नलिका आणि प्रोजेस्टेरॉनमुळे दुधाच्या ग्रंथी वाढतात, आतल्या ऊतींत पाणी धरतं, त्याचा हा ताण. या बायकांच्या रक्तातले हार्मोन मोजले तर बहुधा सगळ्यांसारखेच येतात, फक्त त्यांच्या स्तनाच्या ऊती त्यांना जास्त प्रतिसाद देतात. म्हणून एवढ्याच दुखण्यासाठी हार्मोनच्या महागड्या तपासण्या करत बसू नये. एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी, असंही चालतं. चाळिशीत पाळी पुढेमागे व्हायला लागली की काही जणींचं वाढतं, आणि पाळी कायमची गेली की बहुतेकींचं थांबतं.

दुसरा प्रकार पाळीशी संबंध नसलेला. तो बहुतेकदा एकाच बाजूला, एकाच जागी असतो. पस्तीस ते पन्नास या वयात पाण्याच्या गाठी होतात, त्यांतली एखादी झपाट्याने भरली की अचानक दुखायला लागतं. सुईने पाणी काढलं की त्याच क्षणी आराम पडतो. बोंडामागच्या नलिका रुंद होऊन तिथे दाह होतो, त्याने बोंडाभोवती जळजळतं. जुना मार, जुनी शस्त्रक्रिया, फार जड स्तन ही आणखी कारणं. स्तनाला आतून तोलून धरणारे तंतू असतात, इंग्रज सर्जन ॲस्टली कूपर यांचं नाव त्यांना आहे. वजन जास्त असलं की ते ताणले जातात आणि मान-खांद्यासकट सगळंच दुखतं. क्वचित कधी त्वचेखालची एक शीर गोठते. हात वर केला की स्तनावर घट्ट ताणलेली दोरी उठून दिसते आणि बाई पार घाबरून जाते. हा मोंडोरचा आजार, चार-सहा आठवड्यांत बहुधा आपला आपण जातो.

तिसरा प्रकार म्हणजे मुळात स्तनाचं नसलेलंच दुखणं. बरगड्या, स्नायू, मान, पित्ताशय, हृदय. यावर फिजिओथेरपीतल्या कुणी लिहिलं तर मला आवडेल.

गर्भ राहिल्याचं पहिलं लक्षण पुष्कळदा हेच असतं, तेव्हा पाळी चुकली असेल तर आधी लघवीची तपासणी करून घ्यावी. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत दुखणं जास्त असतं, पुढे कमी होतं.

लगेच दाखवायचं कधी, ते इथेच लिहिते. हाताला लागणारी गाठ, मग ती दुखो न दुखो. बोंड नव्याने आत ओढलं जाणं. बोंडातून आपोआप, एकाच बाजूने, रक्ताळलेला किंवा पाण्यासारखा स्राव. त्वचेला खळी पडणं किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी जाड होणं. बोंडावर न भरणारी खपली किंवा खाज. काखेत गाठ. आणि पाळी गेल्यानंतर एकाच जागी नव्याने सुरू झालेलं, न थांबणारं दुखणं. डाव्या बाजूला दाबल्यासारखं दुखून घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ आली तर स्तनाचा विचारच करायचा नाही, थेट जवळच्या दवाखान्यात ईसीजी.

मोरपंखी

ताई, फार गरज होती या धाग्याची. वय ३१, पुण्यात आयटीत आहे. माझं अगदी तुम्ही लिहिलंय तसंच आहे, पाळीच्या आधी दहा दिवस, डावीकडे जास्त. सोनोग्राफी नॉर्मल आली. इव्हनिंग प्रिमरोजच्या तेलाच्या कॅप्सूल आणि ई जीवनसत्त्व तीन महिने घ्यायला सांगितलंय. घेऊ का? आणि सोनोग्राफी नॉर्मल आहे तर दुखतंय कशाने, हे कुणीच समजावून सांगत नाही. 'टेन्शन घेऊ नका' एवढंच सांगतात.

निशिगंध

मोरपंखी, सोनोग्राफीत गाठ दिसते, पाणी दिसतं, पू दिसतो. ऊतींची सूज आणि हळवेपणा दिसत नाही. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आहे आणि दुखणंही खरं आहे.

आधी एक काम करा. दोन पाळ्या होईपर्यंत रोज रात्री कॅलेंडरवर खूण करा: दुखलं नाही तर मोकळा चौकोन, थोडं दुखलं तर अर्धा भरलेला, जास्त दुखलं तर पूर्ण. पाळीचे दिवसही लिहा. ब्रिटनमधल्या कार्डिफच्या स्तनदुखी क्लिनिकने असा तक्ता रुळवला आणि आम्ही तोच वापरतो. तक्ता पाहिला की आम्हाला प्रकार कळतो, आणि बाईला स्वतःलाच दिसतं की हे ठरावीक दिवशी येतं आणि जातं. नीट तपासणी करून एवढं समजावून सांगितलं तरी पुष्कळ जणींना औषध लागत नाही. हे मी धीर द्यायचा म्हणून सांगत नाही, अभ्यासांतही तसंच दिसलं आहे.

प्रिमरोजच्या तेलाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मोठ्या चाचण्यांत ते बिनऔषधाच्या कॅप्सूलपेक्षा सरस ठरलं नाही. ब्रिटनमध्ये या दुखण्यासाठी त्याला औषध म्हणून असलेला परवाना २००२ मध्ये काढून घेतला गेला. फारसा अपाय नाही, म्हणून आपल्याकडे अजून सर्रास लिहून दिलं जातं. ज्यांना पैसे जड जात नाहीत त्यांनी घ्यावं, पण कुणी पोटाला चिमटा काढून घेऊ नये. ई जीवनसत्त्वाचंही तसंच.

खरा उपयोग होतो तो आधार देणाऱ्या ब्राचा. त्या दहा दिवसांत दिवसा नीट मापाची आणि झोपताना मऊ, विनातारेची. दुखेल तिथे डायक्लोफिनॅकचं जेल लावा, याला चाचण्यांचा चांगला आधार आहे. गर्भ राहिला असेल तर मात्र विचारूनच. अगदीच असह्य दिवशी पॅरासिटामॉल. जवसाची पूड रोज दोन-अडीच चमचे खाऊन काही जणींना फरक पडतो. आपल्या घरात जवसाची चटणी असतेच, खायला हरकत नाही.

दूरदेशी

न्यू जर्सीहून लिहितेय. वय ४४. इथे सप्टेंबर २०२४ पासून मॅमोग्राम, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, केल्यावर स्तन घन आहेत की नाहीत हे प्रत्येक बाईला लेखी कळवावं लागतं. मला तसं पत्र आलं आणि त्यात 'घन' हा शब्द वाचून मी हादरले. दुखण्याचा याच्याशी संबंध आहे का? शिवाय इथल्या मैत्रिणी म्हणतात कॉफी सोड. दिवसाला चार कप होते माझे.

निशिगंध

दूरदेशी, घन म्हणजे चरबीच्या मानाने ग्रंथी आणि तंतू जास्त. हा आजार नाही. तरुण आणि सडपातळ बायकांत तर हे नेहमीचंच. मॅमोग्राममध्ये ग्रंथीही पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरी, म्हणून घन स्तनांत गाठ लपू शकते. शिवाय अशा स्तनांत कर्करोगाचा धोकाही थोडा वाढलेला असतो. पत्र त्यासाठी. सोबत सोनोग्राफी करायची का, हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. दुखण्याशी याचा सरळ संबंध लावू नका.

कॉफीबद्दल: ती सोडून दुखणं थांबतं असं चाचण्यांनी पक्कं दाखवलेलं नाही. काही जणींना वैयक्तिक फायदा होतो. दोन महिने कमी करून तक्ता बघा. फरक नसेल तर चहा-कॉफीवर उगाच राग काढू नका.

बाभूळकाटा

मी यवतमाळ जिल्ह्यात आरोग्य उपकेंद्रावर आहे. इथे शहरातल्या बायका लिहितायत, मी गावातलं सांगते. आमच्याकडे पाळीच्या दुखण्यासाठी कोणी येतच नाही. 'लय ठणकते व बाई' म्हणत येते ती बाळंतीण. दूध साकळलेलं, स्तन दगड झालेला, अंगात ताप. आणि घरी सासूने सांगितलेलं असतं, त्या बाजूला बाळाला लावू नको, दूध नासलं. मग पाजणं बंद, दूध आणखी साठतं, चार दिवसांनी पू. कोणी गरम विटेने शेकते, कोणी तेल लावून जोरजोरात चोळते. त्या माउलीला रडू येते पण बोलत नाही.

मी सांगून सांगून थकत नाही: दूध नासत नाही, बाळाला त्या बाजूलाही लावायचं. पण सासूबाईंना पटवायला डॉक्टरांचं लिहिलेलं वाक्य दाखवता आलं तर बरं होईल. निशिगंध ताई, जरा सविस्तर लिहा ना. मी मोबाइलवर वाचून दाखवीन.

निशिगंध

बाभूळकाटा ताई, तुमच्यासाठी सविस्तर लिहिते, म्हणजे तसंच वाचून दाखवता येईल.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं तेव्हा दोन्ही स्तन ताठ होतात, थोडी कणकणही येते. याला उपाय बाळाला मागेल तेव्हा, दिवसरात्र अंगावर घेणं. बोंडाभोवतीचा भाग इतका ताठ असेल की बाळाला तोंडात धरता येत नाही, तर आधी बोटांनी हलकं दाबून थोडं दूध काढायचं, मग लावायचं.

पुढे एका बाजूला लाल, गरम, दुखरा पट्टा आला आणि ताप चढला तर तो स्तनदाह. पहिल्या काही आठवड्यांत जास्त होतो. पहिल्यांदा तो नुसता दाह असतो, जंतू नंतर येतात, बहुतेक वेळा बोंडाच्या चिरेतून. त्या बाजूचं पाजणं बंद करायचं नाही. आईचं दूध बाळाला अपाय करत नाही. पण दुखतंय म्हणून पंपाने किंवा हाताने उरलंसुरलं सगळं उपसायचंही नाही, कारण जितकं काढाल तितकं शरीर जास्त बनवतं आणि सूज वाढते. जोरात चोळणं पूर्ण बंद. आतल्या बारीक नलिका आणि रक्तवाहिन्या दुखावतात. मालिश करायचीच तर त्वचा जेमतेम हलेल इतकी हळू, काखेच्या दिशेने. आपल्याकडे सगळा भर शेकण्यावर आहे, पण सुजेला थंड जास्त उपयोगी: ओलं गार फडकं दहा-पंधरा मिनिटं. पाजण्याआधी थोडी ऊब घेतली आणि बरं वाटलं तर चालेल, पण वीट नको, भाजल्याच्या केसेस आम्ही बघतो. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन पाजणाऱ्या आईला चालतं.

एक दिवस उलटून ताप उतरला नाही, किंवा दुखणं वाढत गेलं, तर दवाखाना. पाजताना चालणारी अँटिबायोटिक आहेत, ती दिली तरी पाजणं सुरूच ठेवायचं. पू झालाच तर आता दर वेळी मोठा छेद घ्यावा लागत नाही. सोनोग्राफीत बघून सुईने, लागेल तर पुन्हा पुन्हा, पू काढता येतो.

आणि मुळात बोंडाला चिरा पडतात त्या बहुतेक बाळ नुसतं बोंड चोखतं म्हणून. तोंड मोठं उघडून भोवतीच्या काळ्या भागासकट धरलं की चिरा भरतात. तुम्ही शेजारी बसून एकदा धरायला शिकवलंत तर पुढच्या गोळ्या वाचतात. तुमच्या कामाचं मोल आमच्या शस्त्रक्रियेहून कमी नाही.

दोन गोष्टी तुमच्या लक्षात असू द्या. औषध देऊन आठवड्या-दोन आठवड्यांत लाली आणि सूज उतरली नाही, तर सुईने तुकडा घेऊन तपासायला पाठवायचंच. कर्करोगाचा एक प्रकार अगदी स्तनदाहासारखा दिसतो, लाल आणि गरम. आणि आपल्या देशात स्तनाचा क्षयरोगही दिसतो. पू वारंवार होतो, जखम भरत नाही, छिद्रातून पाणी झिरपत राहतं. पुन्हा पुन्हा चिरा देत बसण्यापेक्षा क्षयाची तपासणी करावी.

पाऊलवाट

फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिक. निशिगंध यांनी बोलावलंच आहे तर लिहिते.

माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांची सोनोग्राफी, मॅमोग्राफी सगळं झालेलं असतं आणि दुखणं निघतं छातीच्या हाडाला बरगडी जिथे कूर्चेने जोडलेली असते तिथे. घरी करून बघा: दुखऱ्या बाजूच्या उलट कुशीवर झोपा, म्हणजे स्तन मध्याकडे ओघळतो. मग मोकळ्या झालेल्या बरगडीवर एका बोटाने दाबा. तेच, अगदी ओळखीचं दुखणं तिथे उमटलं तर ते बरगडीचं असण्याची शक्यता फार. दीर्घ श्वास, खोकला, वळणं याने वाढतं. जोराचा खोकला होऊन गेल्यावर, जड बादल्या उचलल्यावर, दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर हात वर करून काम केल्यावर हे येतं. सांध्यावर स्पष्ट सूजही असेल तर त्याला टिट्झचा आजार म्हणतात. दोन्हींत काही आठवड्यांत उतार पडतो. शेक, वेदनाशामक जेल, आणि छातीचे स्नायू मोकळे करणारे व्यायाम.

छातीचा मोठा स्नायू स्तनाच्या मागेच असतो. दिवसभर खांदे पुढे पाडून लॅपटॉपवर बसणाऱ्या बायकांत तो आखडतो. दाराच्या चौकटीला हात टेकून छाती ताणण्याचा साधा व्यायाम रोज करा. मानेच्या मणक्यातून निघणारी कळही स्तनापर्यंत येऊ शकते, तेव्हा मान वळवल्याने दुखणं बदलतं का बघा.

ब्राबद्दल कळकळीने सांगते. वजन खांद्याच्या पट्ट्यांनी पेलायचं नसतं, खालच्या पट्ट्याने पेलायचं असतं. हात वर केल्यावर मागचा पट्टा वर सरकत असेल तर तो सैल आहे. खांद्यावर वळ उठत असतील तर माप चुकलंय. कप उघडा पडत असेल किंवा बाजूने स्तन बाहेर येत असेल तरी चुकलंय. वजन वाढलं-घटलं, बाळंतपण झालं, की माप बदलतं, आणि आपण लग्नात घेतलेलं मापच पुढे दहा वर्षं मागत राहतो. दुचाकीवर खड्ड्यांतून रोज जाणाऱ्या आणि पळायला जाणाऱ्या मुलींनी व्यायामाची ब्रा घालावी.

काजळमाया

एका बाजूला आग-आग, कापड लागलं तरी सहन होत नाही, आणि दिसत काहीच नाही, असं माझ्या आईला झालं होतं. चौथ्या दिवशी पुरळ उठलं तेव्हा कळलं नागीण आहे. हेही यादीत असू द्या.

निशिगंध

काजळमाया, अगदी बरोबर. पुरळाआधी दोन-चार दिवस नुसती आग होते, एकाच बाजूला, पाठीकडून पुढे येणारा पट्टा. पुरळ दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर जास्त फायदा होतो, म्हणून वाट पाहू नये.

घारगे

माझी मुलगी साडेदहा वर्षांची. उजव्या बोंडाखाली सुपारीएवढा घट्ट गोळा लागतो, दप्तर लागलं की कळवळते. डावीकडे काहीच नाही. एका ठिकाणी 'सुईची तपासणी करून टाकू' म्हणाले. रात्री झोप नाही मला.

निशिगंध

घारगे, तुम्ही जे वर्णन करताय ते स्तन वाढायला लागल्याचं आहे. या वयात ते एका बाजूने आधी सुरू होणं अगदी नेहमीचं, दुसरी बाजू काही महिन्यांनी येते, आणि हळवेपणा असतोच. बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवून खात्री करा. हाताने तपासून कळतं, फार तर सोनोग्राफी. पण सुई किंवा शस्त्रक्रिया घाईने करू देऊ नका. तो छोटा गोळा म्हणजेच पुढचा पूर्ण स्तन आहे, त्याला इजा झाली तर त्या बाजूची वाढ खुंटू शकते. मुलीला मऊ सुती आतला कपडा द्या, आणि हे काय आहे ते तिला मोकळेपणाने सांगा. ती तुमच्याहून जास्त घाबरली असेल.

कृष्णाकाठ

पुरुष आहे, लिहावं की नाही विचार करत होतो. पत्नीचं वय ५४, पाळी जाऊन पाच-सहा वर्षं झाली. सांगली. महिनाभर दोन्हीकडे दुखतंय, दाबलं की पांढरट पाणी येतं म्हणते. आधी मलाही सांगत नव्हती. पित्ताचा जुना त्रास आहे, सकाळी एक कॅप्सूल घेते, त्यात रॅबेप्राझोल आणि लिव्होसल्पिराइड असं लिहिलंय. त्याचा संबंध असेल का?

निशिगंध

कृष्णाकाठ, लिहिलंत ते फार चांगलं केलंत. संबंध असण्याची शक्यता आहे, आणि हे आपल्याकडे पुष्कळदा नजरेतून सुटतं. लिव्होसल्पिराइड, तसंच पित्ताच्या गोळीत मिसळून मिळणारं डॉम्पेरिडोन, ही औषधं प्रोलॅक्टिन वाढवतात. दूध तयार करणारा हा हार्मोन वाढला की स्तन भरतात, दुखतात, स्राव येतो. दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने घेतल्या जाणाऱ्या या कॅप्सूल आहेत. काही मानसिक आजारांवरच्या औषधांनीही असंच होतं. गर्भनिरोधक गोळ्या, पाळी गेल्यावर दिलेले हार्मोन, मूल राहण्यासाठीचे उपचार, रक्तदाबावरचं मेथिलडोपा, स्पायरोनोलॅक्टोन, यांनीही स्तन दुखू शकतात. कुठलंही औषध स्वतःहून तोडू नका, विशेषतः मनाच्या आजारावरचं. लिहून देणाऱ्यांना सांगून बदलून घ्या.

पण पाळी गेल्यानंतरचं नवं दुखणं आणि स्राव आहे, म्हणून नुसती गोळी बदलून थांबायचं नाही. हाताने तपासणी, मॅमोग्राफी, सोबत सोनोग्राफी आणि रक्तातलं प्रोलॅक्टिन, हे करून घ्या.

सांजपाखरू

मला इथे थोडं वेगळं सांगायचं आहे. दुखतं म्हणजे कर्करोग नाही, असं सगळीकडे सांगतात. माझ्या गाठीत दुखत होतं आणि ती कर्करोगाचीच निघाली. वय ३९ होतं. दोन ठिकाणी 'दुखतंय ना, मग काळजी नको' असं म्हणून परत पाठवलं. उपचार पूर्ण झालेत, आज ठीक आहे. पण ते वाक्य ऐकलं की आजही अंगावर काटा येतो.

निशिगंध

सांजपाखरू, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि या धाग्यात ते हवंच होतं. 'नुसतं दुखणं क्वचितच कर्करोगाचं असतं' आणि 'दुखणारी गाठ कर्करोगाची नसते' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसरं चूक आहे. गाठ हाताला लागली की ती दुखते की नाही हा प्रश्नच उरत नाही. तिची तिहेरी तपासणी व्हायला हवी: हाताने, चित्रणाने (सोनोग्राफी, मॅमोग्राफी) आणि गरजेप्रमाणे सुईने तुकडा घेऊन. तुम्हाला परत पाठवणं चुकीचं होतं.

बाभूळकाटा

माझ्या भागात उलटं झालेलं पाहिलंय. गाठ होती, दुखत नव्हती. 'दुखत नाही तर कशाला दाखवू, कापणीचे दिवस आहेत' म्हणून राहिली. आली तेव्हा जखम झाली होती. चाळिशीची होती. तिच्या लेकीला मी आता दर वर्षी स्वतः बोलावते.

निशिगंध

ताई, याच कारणासाठी तुमच्यासारख्यांचे हात महत्त्वाचे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला. मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका त्यात होत्या. निम्म्या जणींचे स्तन प्रशिक्षित महिला आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले. यंत्र नाही, मॅमोग्राफी नाही. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले: तपासणी झालेल्या बायकांत कर्करोग लवकरच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत त्याने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. सगळ्या वयांचा एकत्र विचार केला तर घट कमी आणि तितकी निश्चित नव्हती, हेही सांगायला हवं. पण पन्नाशीपुढच्या बायकांसाठी, शिकवलेल्या हातांनी एवढं होऊ शकतं हे आपल्याच राज्यात सिद्ध झालं आहे.

मोरपंखी

दोन पाळ्यांचा तक्ता झाला. जसं म्हणालात तसंच, पाळीच्या अकरा-बारा दिवस आधी अर्धे चौकोन सुरू, शेवटचे पाच दिवस पूर्ण भरलेले, मग एकदम मोकळे. माप घेऊन ब्रा बदलली, जेल लावते. या महिन्यात पूर्ण भरलेले दोनच आले. भीती तर गेलीच. कधी फारच वाढलं तर गोळी असते का?

निशिगंध

असते. सहा महिने हे सगळं करूनही रोजचं काम अडत असेल, तरच. जगभरात टॅमॉक्सिफेन कमी मात्रेत वापरतात. दुसरी गोळी डॅनाझोल, तिने आवाज घोगरा होणं, चेहऱ्यावर केस येणं असे त्रास होतात, म्हणून मी शक्यतो टाळते. आपल्याकडे आणखी एक पर्याय आहे, सेंटक्रोमन, म्हणजेच ऑर्मिलॉक्सिफिन. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेलं हे औषध सरकारी कुटुंब नियोजनात 'छाया' नावाने मिळतं. त्याने स्तनदुखी बऱ्यापैकी उतरते. पाळी लांबते, हा नेहमीचा परिणाम. गर्भ हवा असेल, अंडाशयात सिस्ट असतील, नुकतीच कावीळ होऊन गेली असेल तर देत नाहीत. मात्रा डॉक्टरच ठरवतील. बाभूळकाटा ताईंच्या उपकेंद्रावर ते गर्भनिरोधक म्हणून असेल, तेव्हा दुखण्यासाठी परस्पर मागून घेऊ नये. तुम्हाला सध्या यातलं काहीही लागत नाही.

कृष्णाकाठ

मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीत दोन्हीकडे काही वाईट नाही, बायरॅड्स २ लिहिलंय. प्रोलॅक्टिन वाढलेलं होतं. डॉक्टरांनी कॅप्सूल बदलून साधी दिली आहे. पाणी येणं थांबलंय, दुखणं कमी होतंय. बायरॅड्स २ म्हणजे काय?

निशिगंध

फार बरं वाटलं. बायरॅड्स म्हणजे मॅमोग्राफी-सोनोग्राफीच्या निष्कर्षाला दिलेला आकडा. २ म्हणजे निश्चितपणे साधं, पुढे काही करायचं नाही, नेहमीची तपासणी तेवढी चालू ठेवायची. ३ आलं असतं तर बहुधा साधंच, पण सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. ४ किंवा ५ असेल तर तुकडा तपासायचा. ० म्हणजे चित्र अपुरं आहे, आणखी एक तपासणी हवी. पुष्कळ जणी ० बघून खूश होतात किंवा ४ म्हणजे चौथी स्टेज समजून रडतात. हे आकडे स्टेज नाहीत. प्रोलॅक्टिन गोळी बदलल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा तपासून घ्या. तेव्हाही वाढलेलंच असेल तर कारण शोधावं लागेल.

रानजाई

मुलींच्या होस्टेलची वॉर्डन आहे. एकच विचारायचं होतं, तपासणीला पाळीच्या कोणत्या दिवसांत जावं? आणि पैसे नसतील तर कुठे?

निशिगंध

पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास. तेव्हा स्तन सगळ्यांत मऊ असतात, गाठ नीट लागते आणि मॅमोग्राफीचा दाबही कमी दुखतो. गाठ लागलीच असेल तर मात्र दिवस बघायचे नाहीत, लगेच जायचं. चाळिशीच्या आत साधारणपणे आधी सोनोग्राफी करतात, पुढे मॅमोग्राफी. पावडर किंवा डिओडरंट लावून मॅमोग्राफीला जाऊ नये, चित्रात ठिपके येतात. आधीचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि तक्ता सोबत न्यावा.

बाभूळकाटा

रानजाई ताई, तीस वर्षांवरच्या बाईची स्तनाची हाताने तपासणी उपकेंद्रावर, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते. बीपी, शुगर, तोंडाची तपासणी त्याच वेळी होते. तुमच्या स्वयंपाकाच्या मावशी, झाडणाऱ्या मावशी असतील त्यांनाही घेऊन जा. पडदा लावून तपासतो, नर्सबाईच असते. मुलींपैकी कोणाला दुखत असेल, गाठ वाटत असेल तर वयाचं बंधन नाही, जवळच्या सरकारी दवाखान्यात सर्जरी ओपीडीचा केसपेपर काढायचा. खिडकीवर नुसतं 'सर्जरीला दाखवायचं आहे' म्हटलं तरी चालतं, बाकी सगळं आत डॉक्टरांना सांगायचं.